टाकीला एम-सील लावलं, महिन्याने परत गळतेय : जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांसाठी

लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात. सकाळी गाडीपाशी गेलं की पेट्रोलचा वास, खाली फरशीवर एखादा ओला डाग, कधी तोही नाही. मेकॅनिक खाली वाकून बघतो, टाकीच्या खालच्या कडेला ओलसर दिसतं, तिथे एम-सील थापतो, पैसे घेतो, थोडे दिवस शांतता आणि मग परत तोच वास. आमच्या वीस वर्षं जुन्या हॅचबॅकचं हेच चाललं होतं आणि कोपरखैरणे, ऐरोली, कळवा इकडच्या ओळखीतल्या जुन्या गाड्यांचं पण थोड्याफार फरकाने हेच रडगाणं. गंमत म्हणजे एम-सील दर वेळी नीटच लावलेलं असतं, फक्त चुकीच्या जागी, कारण पेट्रोल जिथून टपकतं तिथूनच ते बाहेर पडलेलं असतं असं अजिबात नाही. ते टाकीच्या माथ्यावरच्या एखाद्या सीलमधून निघतं, पत्र्यावरून घरंगळत कडेच्या जोडावर येतं, तिथून टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून सगळ्यात खालच्या टोकाला आणि मग खाली. आपण बघतो ते टोक.

म्हणून कुठे गळतंय हे नंतर, आधी कधी गळतंय ते बघा. त्याला हत्यार लागत नाही, चार-पाच दिवस लक्ष ठेवलं की झालं. (वास उग्र असेल किंवा थेंब सलग पडत असतील तर हे निरीक्षण वगैरे काही नाही, गाडी वापरायचीच नाही, सरळ खाली शेवटी लिहिलंय ते वाचा.)

टाकी फुल केली की एक-दोन दिवस वास आणि टाकी अर्ध्याखाली आली की बंद, असं असेल तर गळती वरच्या भागात आहे, म्हणजे फिलर नेक (पेट्रोल भरायचं तोंड) आणि टाकी यांच्यामधला जाड रबरी पाइप, त्याच्या शेजारचा, आतली हवा बाहेर सोडणारा बारीक ब्रीदर पाइप, गेजच्या फ्लोटचं पॅकिंग किंवा टाकीतल्या फ्यूएल पंपाचं सील, नाहीतर टाकीच्या माथ्यावर गंजून पडलेलं भोक. जुन्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय इथेच येतो. टाकीत कितीही पेट्रोल असो, गळतंच, तर मग तळ, तळाचा ड्रेन प्लग किंवा खालच्या कडेचा जोड. इंजिन चालू असतानाच गळतं आणि बंद केल्यावर थोड्या वेळाने थांबतं, तर टाकीला हात लावूच नका, तो प्रेशर लाइनचा मामला आहे, कारण एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाडीत टाकीतला पंप साधारण अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो आणि फिल्टरपाशी किंवा लवचिक पाइपाला केसाएवढी चीर असली तरी तिथून फवारा उडतो. हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण गरम सायलेन्सर पाइप तिथून फार लांब नसतो. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांत दाब खूप कमी असतो, तिथे फवारा नाही, नुसतं पाझरणं.

अजून एक प्रकार आहे जो गळती नसतोच. पेट्रोल पंपावर नोझल कट झालं की आपण म्हणतो, "दादा, राउंड फिगर करा," आणि तो अजून दोन-तीनदा दाबतो. टाकीत वर जी रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली असते ती भरून जाते. पंपाची टाकी जमिनीखाली, पेट्रोल थंड, तुमची गाडी मे महिन्यात पाम बीच रोडच्या उन्हात उभी, ३५ लिटर पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं तर जवळजवळ अर्धा लिटर फुगतं, ते जाणार कुठे? ब्रीदरमधून वर चढतं, चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा) भिजवतं, नाहीतर झाकणाच्या रबरातून बाहेर. पंधरा दिवस नोझल कट झालं की थांबायचं, एवढंच करून बघा. वास गेला तर तुमचं काम इथेच संपलं, पुढचं वाचू नका.

आता गाडीखाली जायच्या आधी जागेचं बघू. इथे ठाणे-नवी मुंबईत अडचण ही की आपल्यापैकी बहुतेकांची गाडी स्टिल्ट किंवा बेसमेंटमध्ये असते. बेसमेंटमध्ये हे काम करायचं नाही म्हणजे नाही, आणि स्टिल्टमध्ये पण नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते आणि उतार मिळेल तिथे साचते, लिफ्टच्या खड्ड्यात, गटाराच्या जाळीत, पंप रूमच्या दाराशी. पंप रूममध्ये मोटर आपोआप चालू-बंद होत असते, म्हणजे ठिणगी आहेच. आणि आपल्याकडे बिल्डिंगखाली इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री घेऊन बसलेला असतो हे तर कोणी लक्षातच घेत नाही. हवेत पेट्रोलची वाफ १.४ ते ७.६ टक्के एवढी असली की ती पेट घेऊ शकते, आणि वाफ तयार व्हायला ऊन पण लागत नाही, उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे पावसाळी गारव्यात धोका कमी असा काही प्रकार नाही. मोकळी सपाट जागा बघा किंवा गाडी टो करून अशा गॅरेजमध्ये न्या जिथे शेजारच्या बेमध्ये वेल्डिंग चालत नाही. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, नाहीतर वास आल्यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे सुरू होतं ते गळतीपेक्षा जास्त दिवस चालतं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, पण आधी सगळे दरवाजे उघडून दहा-पंधरा मिनिटं गाडीला वारा लागू द्या आणि मगच तारेला हात लावा. उजेडासाठी एलईडी टॉर्च, ती पण लांब उभं राहून चालू करून मग आत न्यायची. गॅरेजमध्ये अजून तो वायरवाला पिवळा बल्ब घेऊन खाली झोपतात, एक थेंब त्या गरम बल्बवर पडला की काच फुटते आणि आत लालभडक तार. तुमच्या गाडीखाली असा बल्ब घेऊन कोणी जात असेल तर सरळ थांबवा, वाईट वाटलं तर वाटू दे. ड्राय पावडरचं एबीसी सिलिंडर हाताशी ठेवा, आणि हाताशी म्हणजे गाडीत नाही, तुम्ही पळाल त्या बाजूला. पाण्याची बादली उपयोगाची नाही, पेटलेलं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा, आणि सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर घोडीखाली जाड फळी टाका कारण पावसाळ्यात ते ब्लॉक बसतात. घोडीवर घेतल्यावर गाडीला जोरात एक धक्का द्या, हलली तर आत्ताच हलू दे.

शोधायची पद्धत साधी आहे. मागच्या सीटची गादी उचला, बऱ्याच गाड्यांत तिच्याखाली स्क्रूने बसवलेलं गोल किंवा चौकोनी झाकण असतं, ते काढलं की गेजचा फ्लोट आणि पंपाचा माथा दिसतो. तिथे धूळ भिजून काळी चिकट झालेली असेल तर निम्मं उत्तर मिळालं. काही गाड्यांत हे झाकण नसतं, मग टाकी उतरवल्याशिवाय वरचं काही दिसत नाही. खालून बघताना आधी सगळं सुती फडक्याने कोरडं करा, मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर नाहीतर खडूची पूड भुरभुरवा आणि थांबा. पेट्रोल जिथून निघतं तिथून पावडरीवर ओली रेघ उमटते, ती रेघ खालून वर वाचत जायची, तिचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे गळती. फिलरचा रबरी पाइप हाताने वाकवून बघा, बाहेरून बरा दिसतो पण वाकवला की बारीक चिरा उघडतात, विशेषतः क्लिपच्या कडेला. पावसाळ्यात एक फसवाफसवी होते, पार्किंगमध्ये पाण्यावर रंगीत तवंग दिसतो आणि आपण आपल्याच गाडीला दोष देतो, तो शेजारच्या बाइकच्या ऑइलचा पण असतो, म्हणून रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवायचा आणि सकाळी तो पुठ्ठा बघायचा.

आमच्या गाडीत दोन गोष्टी एकदम निघाल्या. एक, पंपाच्या सीलची रिंग कडक होऊन चपटी झालेली. आणि दुसरी खरी, टाकीच्या माथ्यावर, बॉडी आणि टाकीच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षांचा चिखल बसून वीट झालेली, आणि त्या विटेखाली पत्रा खाऊन गेलेला. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतला चिखल चाकाने उडून बरोबर तिथेच जातो, तो पावसाळाभर ओला राहतो, त्यात आपली खाडीची खारट हवा. टाकीचे पट्टे जिथे टेकतात तिथे खाली रबर नाहीतर फेल्टची पट्टी असते, ती पण पाणी धरून ठेवते आणि बरोबर पट्ट्याखालीच भोक पडतं, जे बाहेरून कधीच दिसत नाही. म्हणजे खालून कितीही एम-सील लावलं असतं तरी काही होणार नव्हतं.

टाकी उतरवायची तर आधी पेट्रोल काढायचं, आणि ते कमीच असलेलं बरं, एक तर वजन आणि दुसरं कायदा. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि धातूचं भांडं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बिसलेरीच्या बाटल्या, रंगाचे डबे, दुधाच्या प्लास्टिकच्या बरण्या हे सगळं नको. हातपंपाने काढा, कॅन जमिनीवर ठेवून, गाडीच्या डिकीत ठेवून नाही, कारण पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते आणि जमिनीवर टेकलेल्या धातूच्या कॅनमधून ती उतरून जाते. कॅन आणि गाडीची बॉडी एका तारेने जोडून घेतली तर अजून चांगलं. तोंडाने नळी ओढायची जुनी सवय सोडा, पेट्रोल घोटभर पोटात जाण्यापेक्षा दोन थेंब फुप्फुसात जाणं जास्त वाईट, आणि चुकून गेलंच तर उलटी काढायला लावू नका, सरळ हॉस्पिटल.

एमपीएफआय असेल तर लाइन उघडण्याआधी दाब उतरवावा लागतो, आणि तो वर सांगितलेली बॅटरीची तार काढण्याच्या आधीच. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडतं, मग एक-दोन सेकंद स्टार्टर मारायचा, झालं, त्यानंतर बॅटरीची तार काढायची. पण गळती चालू असेल, खाली ओलं असेल, तर इंजिन चालू करायचं नाही, मग बॅटरी काढून, जोडावर फडकं गुंडाळून युनियन (पाइप जोडणारा नट) अगदी हळू ढिली करायची. नायट्राइल ग्लोव्हज घाला, पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, हात धुतले म्हणजे संपलं असं नाही. पंपाची लॉक रिंग सोडवताना छिन्नी-हातोडा नको, लाकडाचा तुकडा किंवा पितळी ठोकणी घ्या, लोखंडावर लोखंड म्हणजे ठिणगी.

दुरुस्तीचं आता. पाइप आणि सील असेल तर स्वस्तात सुटलात. पाइप घेताना दुकानदार कुठलाही काळा रबरी पाइप पुढे करतो, तो पाण्याचा नाहीतर हवेचा असला तर पेट्रोलने फुगून काही महिन्यांत लोळागोळा होतो. पाइपावर काय छापलंय ते वाचा, इंजेक्शनच्या गाडीला एसएई जे३० आर९ लिहिलेला हवा, कार्बोरेटरवाल्याला आर७ चालतो, आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणारा तुकडा असेल तर आर१०, कारण बाकीचे आतून चालतात पण बाहेरून पेट्रोल सोसत नाहीत. क्लिप पण बघून घ्या, आट्यांच्या फटी असलेली जुबिली क्लिप रबर कापते, इंजेक्शन लाइनला गुळगुळीत पट्टीची क्लिप हवी. पंपाची रिंग एकदा उघडली की नवीनच टाका, जुनी रिंग बाहेर काढली की फुगते आणि परत खाचेत बसत नाही, मग मेकॅनिक तिच्यावर सिलिकॉन फासतो. साधं गॅस्केट सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही, सुटतं, त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जातात आणि महिनाभराने गाडी भर सायन-पनवेल हायवेवर धक्के खायला लागते, मग लोक पंप बदलत बसतात.

पत्र्याला भोक असेल तर प्रामाणिकपणे सांगायचं तर टाकी बदला. बारीक भोकावर अंगाचा साबण घासला तर तेवढ्यापुरतं थांबतं, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण ते गॅरेजपर्यंत जाण्यासाठी, महिनाभर फिरण्यासाठी नाही. इपॉक्सी लावायचीच तर पेट्रोलसाठी म्हणून लिहिलेली लावा, टाकी रिकामी, पत्रा चकाकेपर्यंत हाताने पॉलिश पेपरने घासलेला, कोरडा, तेलाचा अंश नाही, तरच ती धरते. पण एक भोक दिसतंय म्हणजे शेजारचा पत्रा कागदासारखा झालेला असतो, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं दाबून बघितलं की कळतं. प्लास्टिकची टाकी असेल तर त्या एचडीपीई प्लास्टिकवर इपॉक्सी चिकटतच नाही, तिथे विषय संपला.

वेल्डिंगबद्दल वेगळं लिहितो कारण इथे माणसं मरतात. "टाकी रिकामी केलीय, आता काय होतंय," हे वाक्य ऐकलं की तिथून निघा. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही, रिकाम्या टाकीत मात्र वाफ आणि हवा बरोबर त्या पेटणाऱ्या प्रमाणात येतात. महिनाभर उन्हात ठेवलेली टाकी पण नाही, जोडाच्या घडीत आणि गंजात मुरलेलं पेट्रोल गरम झालं की परत वाफ सोडतं. ज्याचं हे रोजचं काम आहे तो कारागीर टाकी गरम पाण्याने साबण घालून परत परत धुतो, वाफ देतो, मग भोकाच्या खालपर्यंत पाणी भरून किंवा निष्क्रिय गॅस भरून मगच डाग देतो (सोल्डरिंग करतो), तेही जमेल तर ज्योत न वापरता. वागळे इस्टेटमधले जुने रेडिएटरवाले काका पेट्रोलची टाकी म्हटल्यावर पहिल्यांदा नाक लावतात आणि वास आला की "धुऊन आणा" म्हणून परत पाठवतात. अशा माणसाकडेच जायचं. जो लगेच गॅस पेटवतो त्याच्याकडे नाही.

जुनी वापरलेली टाकी हा आपल्याकडे चांगला पर्याय आहे, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. पट्ट्यांच्या खुणांखाली आणि वरच्या बाजूला खास बघा, खालचा भाग सगळे रंगवून ठेवतात. आत टॉर्च मारून तांबूस गंज दिसला तर नको. विकत घेतलेली असो की डाग दिलेली, धुतलेली असताना तोंडं बंद करून पाण्यात बुडवून तपासा, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. हवा मात्र अगदी थोडी, १ ते २ पीएसआय, टायरच्या कॉम्प्रेसरने धडाधड भरली तर टाकी फुगून जोडच उघडतात. बसवताना पट्ट्याखाली नवीन रबर, माथ्यावर गंजरोधक रंगाचे दोन हात, आणि बॉडीतली चिखलाची वीट काढून टाकायला विसरू नका.

मग पाच लिटर टाका, पावडर, पुठ्ठा, रात्रभर थांबा. मग अर्धी, मग नोझल कट होईपर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याला परत बघा. पाच लिटरवर कोरडं आहे म्हणून खूश होणारे बरेच असतात, आणि मग पुढच्या फुल टाकीला परत गॅरेज.

हे सगळं करूनही दोन-तीन वर्षांनी परत का येतं याचं एक कारण आता पेट्रोलातच आहे. सध्या पंपावर मिळतं ते साधारण २० टक्के इथेनॉलवालं, आणि त्या मिश्रणाला चालणारं रबर-प्लास्टिक हे एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आलं. त्याआधीचे पाइप, सील इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं. ठाण्यातल्या बऱ्याच लोकांची गाडी रविवारची असते, रोज लोकल आणि टाकीत पाव पेट्रोल, वर दमट हवा, पावसाळाभर उभी. अशी गाडी असेल तर पावसाळ्यात टाकी बऱ्यापैकी भरलेली ठेवा, आठवड्यातून एकदा फिरवा आणि रबर बदलताना इथेनॉलला चालणारंच मागा. एमएच ०४ किंवा एमएच ४३ च्या पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवायला जाणार असाल तर त्याच्या आधी हे उरकून घ्या, गाडी तशीही तपासणीला न्यायचीच असते.

आणि रस्त्यात धार लागली तर. इंजिन बंद, चावी परत फिरवायची नाही, हॅझर्ड लाइट लावायच्या मोहात पण पडू नका, सगळ्यांना उतरवा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला लांब उभे राहा, सिगरेटवाल्यांना हाकला. गाडी उतारावर असेल तर धार गटारात जाऊ देऊ नका, माती-वाळू मिळाली तर आडवी टाका, ती पण लांबून. फायर ब्रिगेड १०१, नाहीतर ११२. टो करणारा आला की त्याला पेट्रोल गळतंय हे आधी सांगा, तो बरेचदा विचारत नाही, आणि गाडी फ्लॅटबेडवर घ्यायला लावा, मागून उचलून फरफटत नको. पुसलेली फडकी गोळा करून डिकीत कोंबू नका, उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या. काढलेलं पेट्रोल स्वच्छ असेल तर गाळून परत गाडीतच जातं, गंजाचं लालसर पाणी मिसळलेलं असेल तर बंद कॅनमध्ये गॅरेजवाल्याच्या टाकाऊ तेलाबरोबर द्या, बेसिनमध्ये किंवा सोसायटीच्या गटारात ओतायचं नाही.